सरांनी पाहिलेलं प्रवाळ

आमच्या कॉलेजातले एक क्लार्क वारले तेव्हा शोकसभा झाली. प्राचार्य बोलले, दोघे-तिघे प्राध्यापक बोलले, सगळ्यांनी मिळून त्या गृहस्थांना देवमाणूस ठरवून टाकलं. मग सरांचं नाव पुकारलं गेलं. सर उठले, माइकपुढे गेले आणि म्हणाले, "यांच्याविषयी चांगलं असं मला काही आठवत नाही. वाईट बोलायची ही वेळ नाही. म्हणून मी नुसता उभा राहतो."

आणि ते उभे राहिले. हात मागे बांधून, मान खाली घालून. मागच्या बाकांवरच्या पोट्ट्यांना आधी हसू आलं, मग ते विरलं, आणि शेवटी पंख्याची कुरकुर ऐकू येईल इतकी शांतता पसरली. गेलेल्या माणसाची बायको पहिल्या रांगेत बसली होती. सर खाली उतरले तेव्हा तिने त्यांना हात जोडले. त्या दिवशी त्या बाईला एकट्या सरांचंच पटलं असावं, असं मला अजून वाटतं.

सर उमरखेडला प्राणिशास्त्र शिकवायचे. मी आधी त्यांचा विद्यार्थी, मग त्याच विभागात त्यांच्या हाताखालचा मास्तर. अंगावर कायम पांढरा ॲप्रन. तो घालून ते भाजी आणायला जायचे, बँकेत जायचे, एकदा एका लग्नातही आले होते. कपड्यांना फॉर्मॅलिनचा वास. डबा खायला स्टाफरूममध्ये कधी आले नाहीत. आमच्या विभागात काचेच्या बरण्यांची एक खोली होती, साप, विंचू, बेडूक, गर्भातली वासरं वगैरे ठेवलेली. तिथे बसून ते शांतपणे पोळीभाजी खायचे. "इथे कोणी प्रमोशनबद्दल बोलत नाही," म्हणायचे.

फळ्यावर दोन्ही हातांनी एकदम चित्र काढायचे. डाव्या हाताने प्राण्याची डावी बाजू, उजव्याने उजवी. रंगीत खडू स्वतः नागपूरहून आणायचे. इतर वर्गातली मुलं नुसतं ते पाहायला येऊन बसायची. पण चूक कोणाचीही खपवून घेत नसत. बाजारात कोणी 'तारामासा' म्हणालं की थांबून सांगायचे, तो मासा नाही. लग्नाच्या मंडपात, एसटीत, दवाखान्यातही सांगायचे. एकदा प्रॅक्टिकलच्या परीक्षेला बाहेरून परीक्षक आले. मुलांना सांभाळून घ्या, असं प्राचार्यांनी सुचवून ठेवलेलं. सरांनी परीक्षकांना चहा दिला आणि म्हणाले, "यांना यंदा काही येत नाही. मी नीट शिकवलं नाही. तपासून घ्या." त्या वर्षी निकाल असा लागला की प्राचार्य महिनाभर आमच्या विभागाकडे फिरकले नाहीत.

सरांचा सगळ्यात लाडका धडा प्रवाळाचा. आमच्याकडे ज्योतिषाच्या सांगण्यावरून बोटात पोवळं घालणारी माणसं पुष्कळ. वर्गात एखाद्याच्या हातात अंगठी दिसली की सर त्याचा हात वर धरून सगळ्यांना दाखवायचे. "याच्या बोटात एका प्राण्याचं हाड आहे. याचा मंगळ त्या हाडाने सुधारणार आहे." मग बरण्यांच्या खोलीतून प्रवाळाचा एक पांढराफटक तुकडा आणायचे आणि टेबलावर ठेवायचे. "हे पाहा आणि विसरून जा. हे पांढरं म्हणजे मेलेलं. स्मशानात जाऊन माणूस कसा असतो ते कळतं का?" आणि मग खडू घेऊन फळ्यावर जिवंत प्रवाळ काढायचे. जांभळं, शेंदरी, पोपटी, हळदी. तास संपल्यावर पुढच्या तासाचे मास्तरही ते चित्र पुसायला कचरायचे.

एकदा एका मुलीने विचारलं, "सर, तुमी सोता पाह्यलं काय हे?"

"नाही," सर म्हणाले. "मी पाहिलेलं नाही. मी वाचलेलं सांगतो आहे. तू हे वहीत लिहून ठेव."

समुद्र त्यांनी एकदाच पाहिला होता, मुंबईला कसल्याशा कोर्ससाठी गेले तेव्हा. तो ते जमेस धरत नसत. "तो समुद्राचा मागचा दरवाजा," म्हणायचे. कॉलेजची सहल दर दोन-तीन वर्षांनी कोकणात जायची, तिची सगळी आखणी सर करायचे आणि ऐनवेळी दुसऱ्या कोणाला तरी पाठवायचे. घरी त्यांची आई अंथरुणाला खिळलेली होती. ती बरीच वर्षं तशीच होती. आई गेली तेव्हा सरांच्या निवृत्तीला फार दिवस उरले नव्हते.

घरी मग ते आणि काकू. मूलबाळ नव्हतं. काकू महागावकडच्या, शेतकऱ्याच्या घरच्या. शिक्षण बेताचं, पण सरांना तोंडावर हसणारं उमरखेडात तेवढं एकच माणूस होतं. सर पुस्तकी मराठीत बोलायचे, काकू आमच्या बोलीत. चाळीस वर्षांच्या संसारात दोघांनीही एकमेकांची भाषा उचलली नाही.

निवृत्त झाल्यावर सरांनी अंदमानला जायचं ठरवलं. मी घरी गेलो तर टेबलावर नकाशा पसरलेला. "कॅटामरान करायची," म्हणाले. "खाजगी. फक्त आपल्यासाठी."

"ते काय असते?" काकूंनी विचारलं.

सरांनी समजावलं. दोन निमुळत्या होड्या शेजारी शेजारी, त्यांच्यावर आडवा पाटा, वर शीड. त्यामुळे ती फारशी हलत नाही.

"म्हंजे औताले बैलजोडी जुपावं तशा दोन डोंग्या," काकू म्हणाल्या. "येवढंच सांगा ना मंग."

मलाही चलायचं होतं. मी पैनगंगेच्या काठचा, मला पोहता येतं, आणि सरांना येत नव्हतं. हाच निकष. त्यांनी मला विचारलं नाही, सांगितलं.

फेब्रुवारीत निघायचं होतं. जानेवारीतच सरांनी चष्मा आणि श्वास घ्यायची नळी मागवली आणि महागावजवळ काकूंच्या भावाच्या शेतातल्या शेततळ्यात सराव करायचं ठरवलं. शेततळ्याला आतून प्लास्टिकचा कागद असतो. उतरणं सोपं, वर येणं कठीण, पाय घसरतो. कमरेला दोर बांधून सर पाण्यात उतरले, पूर्ण बाह्यांचा शर्ट, पँट, डोळ्यांवर तो काळा चष्मा. दोर माझ्या हातात. शेजारच्या वावरात बाया कापूस वेचत होत्या. त्या सगळ्या ओट्या सांभाळत बांधावर येऊन उभ्या राहिल्या.

"मास्तर काय पाहून राह्यले वो पाण्यात?" एकीने विचारलं.

"पुस्तक पडलं अशीन," काकू म्हणाल्या आणि बाया खदखदून हसल्या.

सर पालथे तरंगत होते. नळीतून फुर्र फुर्र आवाज येत होता. बऱ्याच वेळाने मी त्यांना ओढून बाहेर काढलं. तोंडाला शेवाळ लागलेलं. "श्वास जमला," ते म्हणाले. "खाली काहीच नाही. एक चप्पल आहे."

त्या हसण्यातच काकूंना खोकला आला आणि त्या बांधावर बसल्या. बराच वेळ उठता येईना. आम्हाला वाटलं, ऊन लागलं. पुढच्या आठवड्यात यवतमाळला दाखवलं, तिथून नागपूरला पाठवलं. कॅन्सर निघाला. फुप्फुसात, आणि बराच पसरलेला.

अंदमान राहिलंच. दर तीन आठवड्यांनी नागपूरच्या फेऱ्या सुरू झाल्या. काकूंचे केस गेले. डोक्याला फडकं बांधून त्या ओसरीवर बसायच्या आणि येणाऱ्या प्रत्येकाला सांगायच्या, "माह्यापायी थांबले हे. जलमभर आईपायी थांबले, आता माह्यापायी. याईचं काही पाहून होत नाई बावा." सर आतून ओरडायचे, "समुद्र कुठे जात नाही." हे वाक्य मी त्या दिवसांत पुष्कळदा ऐकलं.

एप्रिलच्या शेवटी डॉक्टरांनी सांगितलं की आता काही दिवस औषध थांबवू, अंगात त्राण आहे तोवर कुठे जायचं तर जाऊन या. कसं सांगितलं त्यावरूनच सरांना कळलं असावं. त्यांनी त्याच दिवशी तिकिटं काढली. काकू आधी तयार होईनात. "लोकाईच्या बोटीत मी बसत नाई. हे फडकं उडालं त सारे माह्याकडंच पाह्यतीन." म्हणूनच तर खाजगी, असं सर म्हणाले. खरं तर खाजगी आधीपासूनच ठरलं होतं, गर्दीत कोणी चुकीचं काही बोललं तर आपल्याला राहवणार नाही म्हणून. पण आता कारण बदललं होतं.

आम्ही निघालो तेव्हा आमच्याकडे रस्त्याचं डांबर वितळत होतं. नागपूर, चेन्नई, मग पोर्ट ब्लेअर, तिथून जहाजाने एका बेटावर. दुसऱ्या दिवशी सकाळी जेटीवर ती कॅटामरान उभी होती, पांढरी, आमच्या तिघांसाठी फारच मोठी. एक चालक आणि एक गाइड, चाळिशीचा, शांत माणूस. पुढच्या बाजूला दोन होड्यांच्या मधे दोरांचं जाळं ताणलेलं होतं, बाजेसारखं. खाली सरळ समुद्र. काकूंना आम्ही त्यावर निजवलं. किनारा मागे गेला, आजूबाजूला कोणी दिसेना, तेव्हा त्यांनी डोक्याचं फडकं सोडलं आणि हातात गुंडाळून धरलं.

"कित्येक दिवसानं वारा लागला डोक्याले," त्या म्हणाल्या.

सर त्यांच्याशेजारी मांडी घालून बसले होते. ॲप्रन नव्हता. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना टी-शर्टात पाहिलं. त्यांचे दंड अगदी बारीक होते.

प्रवाळ असलेल्या उथळ जागी बोट थांबली. पाणी असं की तळ दिसावा, पण ऊन चमकत होतं म्हणून नीट काही कळत नव्हतं. उजव्या होडीच्या मागच्या पायऱ्यांवरून आम्ही उतरलो, गाइड, सर, मग मी. लाइफ जॅकेट, चष्मा, नळी. सरांनी एकदा वर काकूंकडे पाहिलं, नळी तोंडात घेतली आणि पाण्यात तोंड घातलं.

मीही घातलं.

कुंपणाला टाकलेल्या बाभळीच्या फांद्यांना कोणी चुना फासावा, तसा सगळा तळ. जिकडे पाहावं तिकडे पांढरं. फांद्यांसारखं पांढरं, ताटांसारखं पांढरं, मेंदूच्या घड्यांसारखं पांढरं. त्यातून थोडे मासे फिरत होते, चुकून दुसऱ्याच्या घरात शिरल्यासारखे. पाणी कोमट होतं. समुद्राचं पाणी असं असेल असं मला वाटलं नव्हतं.

सर हलले नाहीत. पालथे तरंगत राहिले. नळीतून श्वासाचा आवाज येत होता म्हणून मला धीर होता. मग गाइडने त्यांच्या खांद्याला हात लावला आणि आम्ही तिघे डोकी वर काढून पाण्यात उभे राहिल्यासारखे झालो.

गाइड खालच्या आवाजात म्हणाला, "सर, इस साल पानी बहुत गरम हो गया. सब सफेद पड़ गया. फरवरी में आते तो पूरा रंगीन था."

सरांनी चष्मा कपाळावर सरकवला. डोळे लाल झाले होते, चष्म्याने होतात. त्यांनी वर जाळ्याकडे पाहिलं. तिथून काकूंचं डोकं दिसत होतं.

"ये बात ऊपर नहीं बोलना," ते गाइडला म्हणाले. "मेरी मिसेस के सामने नहीं बोलना. फरवरी का तो बिलकुल नहीं." आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "तूही."

आम्ही वर आलो. काकू जाळ्यावर उठून बसल्या होत्या.

"दिसलं काय?"

"दिसलं," सर म्हणाले.

"कसं हाय?"

सर त्यांच्यासमोर बसले. अंगातून पाणी गळत होतं. आणि त्यांनी सांगायला सुरुवात केली, वर्गात सांगत त्याच आवाजात. "फांद्यांचं जे असतं ते जांभळं आहे. टोकं निळी. खाली ताटासारख्या वसाहती आहेत, त्या हळदी रंगाच्या. मध्ये मध्ये शेंदरी." त्यांचे दोन्ही हात हवेत चित्र काढत होते. मी पलीकडे टॉवेल शोधायच्या निमित्ताने पाठ केली. शोकसभेतही ज्याच्या तोंडून एक खोटा शब्द निघाला नव्हता तो माणूस एकेक रंग सांगत होता, आणि अडखळत नव्हता.

"तुमी फळ्यावर काढत होते तसंच?"

"त्याहून चांगलं."

काकूंनी हातातलं फडकं बाजूला ठेवलं. मग म्हणाल्या, "मंग मलेबी पाह्याचं हाय."

सरांचा चेहरा एकदम उतरला. "नको. दम लागेल. जंतुसंसर्ग होईल. डॉक्टर काय म्हणाले होते?"

"डॉक्टर म्हणे, जाऊन या. इतक्या दूर आणलं, अन् जाळीवर निजवून वापस नेता काय? येवढं चांगलं हाय त मले काहून नाई दाखवत?"

 सर गाइडकडे पाहायला लागले, मग माझ्याकडे. गाइडने विचार केला आणि म्हणाला, उजव्या बाजूला ऊन फार आहे, माताजींना डाव्या बाजूने नेऊ, तिकडे शिडाची सावली आहे. डाव्या होडीलाही पायऱ्या होत्या. काकूंना लाइफ जॅकेट घातलं तेव्हा त्यांचं शरीर त्यात हरवून गेलं. त्या टकलावर चष्म्याचा रबरी पट्टा बसवताना गाइडने फार जपून हात लावला. गाइड चष्मा लावून त्यांच्याबरोबर पाण्यात उतरला. मी शेवटच्या पायरीवर कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून त्यांच्या जॅकेटचा पट्टा धरला. माझा चष्मा वरच राहिला होता.

सर आले नाहीत. ते उजव्या बाजूलाच बसून राहिले, आमच्याकडे पाठ करून.

काकूंनी तोंड पाण्यात घातलं आणि लगेच खोकत वर काढलं. खारं पाणी नाकात गेलेलं. गाइड म्हणाला, बस करू. त्यांनी मान हलवली, पुन्हा नळी धरली. दुसऱ्यांदा मात्र त्या राहिल्या. बराच वेळ. त्यांच्या जॅकेटचा पट्टा माझ्या मुठीत होता आणि श्वासाबरोबर तो हलकेच ओढला जाई, सैल होई. मग त्यांनी हात वर केला.

आम्ही त्यांना टॉवेलात गुंडाळून सरांच्या शेजारी बसवलं. ओठ निळे पडले होते, धाप लागली होती. सरांनी वळून पाहिलं नाही. समोर पाण्याकडे पाहत होते.

"खरंच हाय," काकू म्हणाल्या.

सरांनी मान वळवली.

"तुमी सांगतलं तसंच हाय. जांभळं. अन् एक शेंदरी बी होतं, हातपंख्यासारखं. लय मोठं." धाप लागली म्हणून त्या थांबल्या. "बरं झालं आणलं तुमी मले."

सर त्यांच्याकडे पाहत राहिले. "शेंदरी," ते म्हणाले. आणि मग, "हो. आहे तिकडे."

त्यांनी टॉवेलाचं टोक ओढून काकूंच्या डोक्यावर घेतलं.  गाइडने जेटीवर उतरताना काकूंच्या पायांना हात लावला. त्याला त्या बाजूचं काय ते माहीत होतं. पण मी विचारलं नाही, आणि त्याने सांगितलं नाही.

पोळ्याच्या आधी काकू गेल्या. शेवटी शेवटी घरी भेटायला येणाऱ्यांना त्या समुद्राचंच सांगायच्या. "असे रंग लग्नाच्या शालूत बी नाई भेटत," म्हणायच्या. सर त्या खोलीतच असायचे. कधी दुरुस्त केलं नाही, कधी भर घातली नाही.

त्यांच्यानंतर सर कॉलेजकडे आले नाहीत. नव्या मुलांसाठी प्रवाळावर बोला, अंदमानात काय पाहिलं ते सांगा, असं आम्ही दोनदा बोलावलं. "मी आता शिकवत नाही," एवढंच उत्तर. बरण्यांच्या खोलीची एक किल्ली त्यांच्याकडे होती, ती त्यांनी शिपायाच्या हाती पाठवून दिली.

मी अधूनमधून जायचो. गेल्या हिवाळ्यात एका दुपारी गेलो तर ते ओसरीवर ताटात तुरीची डाळ घेऊन निवडत बसले होते. मी बसलो.  मग डाळीकडे पाहतच त्यांनी विचारलं,

"तू त्या बाजूला उतरला होतास ना? तिच्याबरोबर?"

कुठल्या बाजूला, हे विचारायची गरज नव्हती. "पायरीवर उभा होतो, सर."

"तोंड घातलं होतंस पाण्यात?"

"नाही."

"वरून काही दिसलं?"

"सावली होती. नुसतं काळं पाणी दिसत होतं."

"म्हणजे तिकडे काय होतं ते तू पाहिलेलं नाही."

"नाही पाहिलं."

"मीही नाही पाहिलं," सर म्हणाले. त्यांनी डाळीतला एक खडा काढून बाजूला ठेवला. "तिला मी विचारलं नाही. विचारलं असतं तर तिने मला विचारलं असतं."



"ती कधी खोटं बोलत नसे," ते म्हणाले. "माझ्यावर हसायची, पण खोटं नाही." ताटातला हात थांबला होता. "त्या बाजूला सावली होती. शिडाची. सावलीत पाणी जरा थंड राहतं. अशा ठिकाणी एखादी वसाहत टिकून राहू शकते. एखादी."

बोट तिथे आमच्यासाठी थोडा वेळ थांबलेली, तिच्या शिडाच्या सावलीने समुद्राला काय फरक पडणार होता, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. त्यांनीच मला शिकवलं होतं. ते माझ्याकडे पाहत होते, उत्तराची वाट बघत.

"राहते, सर," मी म्हणालो.